पाणी शुद्ध होतं

मेलेल्या पक्ष्यांची पिशवी माझ्यापुढे धरून हेर वेंडेल, म्हणजे श्रीयुत वेंडेल, म्हणाले, "पाण्यात काहीतरी आहे. शोधून द्या."

आत तीन-चार काळे पक्षी होते, पिवळ्या चोचीचे. कुठे जखम नव्हती. पिसंसुद्धा नीटनेटकी, जणू दुपारची डुलकी काढतायत. रक्त असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी जर्मनीत डार्मश्टाटच्या एका छोट्या कंपनीत आहे. पाण्यात काय विरघळलंय, ते किती गरम आहे, किती वाहतंय, हे सांगणारे मीटर आम्ही बनवतो, बसवतो, आणि गिऱ्हाईक घाबरलं की धावत जातो. हेर वेंडेल टाउनुसच्या डोंगरातल्या एका गावात कुरबाडचे मॅनेजर. कुरबाड म्हणजे औषधी पाण्याचं स्नानगृह. गावात गरम झरा आहे. झऱ्यावर दगडी खोली बांधलेली आहे, आणि तिच्याखाली उतारावर नैसर्गिक कुंडं, कोकणातल्या भाताच्या खाचरांसारखी एकाखाली एक.

ही कुंडं कुणी बांधलेली नाहीत. पाणी जमिनीखालून चुना विरघळवून आणतं, आणि सोबत कार्बन डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीतला वायू. उघड्यावर आलं की वायू निसटतो. तो गेला की चुना पाण्यात टिकत नाही, वाटेत मिळेल तिथे बसतो. आपल्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, तोच. फक्त इथे हजारो वर्षं कुणी घासलेला नाही. त्याचा दगड होतो, ट्रॅव्हर्टाइन. सायीच्या रंगाचे काठ, मधे गंजाच्या रेषा, आत निळंहिरवं पाणी. फार सुंदर दिसतं, खरंच. पण काठावर पडलेलं पानही काही दिवसांत दगडाचं होतं. त्या दिवशी मला एका पोराचा मोजा दिसला, अर्धा लोकरीचा, अर्धा दगडाचा. मी नजर काढून घेतली.

वेंडेलना घाई होती. पुढच्या रविवारी पहिला अ‍ॅडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या रविवारांतला पहिला. गावच्या बालवाडीतली मुलं त्या दिवशी सगळ्यात खालच्या कुंडाभोवती बसून गाणी म्हणतात. दरवर्षीची प्रथा. पक्षी नेमके त्याच कुंडाशी सापडत होते, तेही फक्त सोमवारी सकाळी. पाणी चांगलं आहे असं मी लिहून दिलं तर कार्यक्रम होणार होता.

फोनवर मी विचारलं होतं, रविवारी तिथे वेगळं काय होतं? काहीच नाही, म्हणाले. मग मी रविवारीच येते म्हटलं. पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन कटला. जर्मन माणसाला रविवारी कामाला बोलावणं म्हणजे आपल्याकडे ऐन गौरीजेवणाच्या दिवशी ऑडिट ठेवणं.

सोबत सासूबाई होत्या. नवरा कामासाठी पुण्याला गेला होता आणि त्या महिनाभरासाठी आमच्याकडे आलेल्या. त्यांना घरी एकटं कसं ठेवणार? शिवाय त्या दापोलीच्या. गरम पाण्याचं कुंड म्हणजे त्यांच्या लेखी देवीचं ठाणं, तिथे हात हलवत जायचं नसतं. पर्समध्ये तुपात भिजवलेल्या फुलवातींची डबी घेऊनच गाडीत बसल्या.

धुकं होतं. वाऱ्याचं नाव नाही. मी वरपासून खालपर्यंत प्रत्येक कुंडाचं पाणी तपासलं. सगळं जसं असायला हवं तसं. तरी माझ्या अंगावर काटा येत होता. वसंतात मी इथे मीटर बसवायला आले होते, तेव्हा असं वाटलं नव्हतं. काहीतरी कमी होतं, पण काय ते कळेना. एकही पक्षी ओरडत नव्हता. खालच्या कुंडाला चारी बाजूंनी उंच कुंपणझाडी आहे, त्या खोलगट जागेत वाफ वर न जाता आडवी पडून राहिली होती.

वर येऊन मी वेंडेलना सांगितलं, पाण्याला काही झालेलं नाही, लेखी उद्या देते. त्यांचा चेहरा उजळला. "चला, मग मुलं येऊ शकतात."

मी "जा" म्हटलं. जर्मनमधलं जा, म्हणजे हो.

एवढ्यात सासूबाईंनी खुणेनेच वेंडेलकडून लायटर मागून घेतला. टी-लाइटच्या रिकाम्या वाटीत फुलवात ठेवून वरच्या कुंडाशी लावली. छान जळली. मग मला विचारलं, मुलं कुठे बसणार? मी खाली बोट दाखवलं. "मग त्यांच्यासाठी तिथेही एक लावते," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या.

कुंडाजवळ त्या वाकल्या, आणि गुडघ्याच्या खाली गेल्यावर ज्योत गेली. फडफड नाही, काही नाही, चिमटीत धरून विझवावी तशी. त्या वर आल्या, पुन्हा पेटवली, पुन्हा उतरल्या. त्याच उंचीवर पुन्हा गेली. वातीचा धूर वर चढेना. हातभर उंचीवर सपाट पसरला, अदृश्य पाण्यावर तरंगावा तसा.

"अगं, घेत नाहीये ती," सासूबाई म्हणाल्या आणि तिथेच खाली बसून लायटर ओढायला लागल्या. लायटरही पेटेना. "डोकं कसं जड झालंय बघ."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काय कमी होतं तेही कळलं. आवाज. वसंतात इथे एक घरघर सतत चालू असायची.

"आई, उठा! वर या, आत्ता!"

"अगं, दिवा तरी..."

मी श्वास रोखून उतरले आणि त्यांचा दंड धरून ओढलं. मदतीला वेंडेल खाली यायला लागले, त्यांना मी हाल्ट म्हणून अशी ओरडले की ते जागीच खिळले. वर आल्यावर सासूबाईंना धाप लागली होती. त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं.

मग वेंडेलना विचारलं, "झऱ्याच्या खोलीवरचा पंखा बंद का आहे?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आज रविवार आहे," म्हणाले.

दगडी खोलीत साठणारा तो सोड्याचा वायू धुराड्यातून उंच सोडायला तो पंखा आहे. हा वायू हवेपेक्षा जड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्यात ज्योतही टिकत नाही, जीवही. पंखा थांबला की दाराच्या फटीतून निघून, पाण्यासारखाच एकेक कुंड उतरत खाली जातो आणि खोलगटात साचतो. वारा असला तर उडून जातो, नसला तर बसून राहतो. आणि जर्मनीत रविवारी आवाज करायचा नसतो. ड्रिल मारायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा कचऱ्यात टाकायच्या नाहीत. उन्हाळ्यात एका शेजाऱ्याने घरघरीची तक्रार केली, म्हणून पंख्याला टायमर लावला होता. रविवारी बंद. वेंडेल माझ्याशी खोटं बोलले नव्हते. त्यांच्या मते यात वेगळं काही नव्हतंच, तो रविवार होता.

ते गुपचूप जाऊन पंखा चालू करून आले. माझ्याशेजारी उभे राहून खाली बघत होते.

"मोठे लोक उभे राहतात," ते हळू म्हणाले. "मुलं बसतात."



पुढे फायर ब्रिगेडने वायू मोजला आणि खालचं कुंड बंद केलं. मुलांनी गाणी पार्किंगमध्ये म्हटली. आई-बापांनी कुरकुर केली, फोटो चांगले येत नाहीत म्हणून. पंखा आता रविवारीही चालतो आणि शेजारी अजून तक्रार करतो. आमच्या बॉसने वायूचा मीटर घेऊन दिला. फुलवातींची डबी सासूबाईंनी माझ्या टूलबॅगेत टाकली, ती मी काढलेली नाही.

परतताना गाडीत मी त्यांना जड वायू, हलकी हवा, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तेच म्हणतेय मी. तिने दिवा घेतला नाही."

माझ्या मीटरचा एकही आकडा चुकला नव्हता. पाणी शुद्ध आहे, असं मी सोमवारी लिहून दिलं असतं आणि ते खरंच असतं.

आता गिऱ्हाइकाला मी रविवारी वेगळं काय होतं असं विचारत नाही. बंद काय असतं, ते विचारते.