बिल्लाचा हलका हात

"वाटाण्याएवढे तुकडे? अगं बिल्ला, देवमासा आहे तो, कोळंबी नव्हे!" आर्मगार्ड म्हणाली.

"ताई, म्युझियमच्या होग्नींनीच सांगितलंय. लहान कापा, म्हणजे स्पिरिट आतपर्यंत मुरतं."

"होग्नी सांगतो मला! माझ्या खोपटात फेरो बेटांच्या वाऱ्यावर वाळलेलं मांस खायला तोच येतो ना तोर्सहावन शहरातून? मोठा तुकडा टिकतो, लहानाचं चामडं होतं. विचार गावाला."

गावानेही हेच सांगितलं असतं. देवमाशांचा कळप खाडीत हाकून मारला की पुरुष वाटे पाडायच्या आधी प्रत्येक माशाचा तुकडा म्युझियमसाठी कापायचा, हे काम आर्मगार्डचं. नमुन्यांची पेटी घेऊन ती पाण्यात उतरली की पुरुष बाजूला सरत. एरवी तिच्यासाठी कोण सरत होतं?

आजवर तुकडे बर्फातून जायचे. यंदा स्पिरिटच्या बाटल्या आल्या, आणि होग्नीने तिच्या धाकट्या जावेला, बिल्लालाही, सुरी दिली. वर म्हणाला, "बिल्लाचा हात काय हलका आहे!" ते वाक्य माशाच्या काट्यासारखं आर्मगार्डच्या घशात अडकलं. तिने हट्टाने मुठीएवढे तुकडे कापून बाटल्या गच्च भरल्या.

आठवड्याने होग्नी आला. "पुढच्या वेळी पेटी तुमच्यापैकी एकीकडेच ठेवू," म्हणत त्याने बिल्लाच्या घरी टेबलावर बाटल्या मांडल्या. त्यांवर माशांचे क्रमांक होते, कापणारीचं नाव नव्हतं.

वाटाण्याएवढ्या तुकड्यांच्या बाटल्या स्वच्छ निघाल्या. आर्मगार्डने ओठ चावला. मग मुठीएवढ्या तुकड्यांची गढूळ बाटली उघडली. होग्नीने तुकडा मधोमध चिरला. आतून काळा पडलेला, आणि असा वास, की तिघांनी नाकं धरली.

"गेलं! हा मासा कुठल्या कुळातला, कुणाचा पोरगा, आता कशावरून काढू? कुणी कापलंय हे?"

आर्मगार्डच्या कानशिलात रक्त चढलं.

"मी," बिल्ला पटकन म्हणाली. "घाई झाली हो."

आर्मगार्डने तिच्याकडे पाहिलं. हलका हात, स्वच्छ बाटल्या, आणि आता वर उपकारही! मेलीने माझी चूकही माझ्यासाठी ठेवली नाही.

होग्नी खुलला. "मग त्या चांगल्या बाटल्या तुमच्या, आर्मगार्डबाई? पेटी तुम्हीच ठेवताय ना?"

आर्मगार्डने पायाने पेटी बिल्लाच्या खुर्चीपर्यंत ढकलली. आपली सुरी तेवढी कमरेला खोचली, आणि दार सताड उघडं टाकून ती वाऱ्यात चालती झाली.