वैद्य गेला, पथ्य राहिलं

टेंभुर्णीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला धनगरांची थोडी घरं होती. त्यातल्या रायभानची बायको गोपिका. ती लग्न होऊन आली तेव्हा वस्तीत तिच्या रूपापेक्षा तिच्या खाण्याचीच चर्चा जास्त झाली. बाजरीच्या जाडजूड भाकरी, त्यावर ठेचा, वरून मेंढीच्या दुधाचा गडवा. आणि एवढं खाऊन बाई मेंढरांमागं दिवसभर चालायची ती बाप्यांना मागं टाकून. सासू जयवंताबाई शेजारणींना सांगायची, "खाते बी आन् ओढते बी. बैल पारखून आणलाय म्या." हे ती कौतुकानंच म्हणायची, एवढं सांगून ठेवायला हवं, कारण जयवंताबाईचं कौतुक आणि तिची शिवी यांत फारसं अंतर नव्हतं.

पोरगी झाली, सोनू. ती रांगायला लागली न लागली तोच गोपिकाला मुदतीचा ताप चढला. फसली तेराशे चव्वेचाळीसचं साल, निजामाचा अंमल. दवाखाना लांब, आणि तापानं फणफणलेलं माणूस बैलगाडीत घालून इतक्या लांब न्यायचं कुणाच्या जिवावर? म्हणून टेंभुर्णीहून बद्रीनाथ वैद्याला आणलं. बद्रीनाथ तसा कुणबी माणूस, नांगर हाकणारा, पण झाडपाल्याच्या औषधाला त्याच्या हाताला यश होतं. त्यानं काढा दिला आणि पथ्य बांधलं. मीठ नाही, तेल-तिखट नाही, गूळ नाही, दूध-तूप नाही, भाकर तर बिलकुल नाही. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज आणि मुगाचं पाणी, संपलं. निघताना दारात थांबून तो म्हणाला, "ताप उतरला की मी येईन आन् माझ्या हातानं पथ्य सोडीन. तवर कुणी शहाणपणा करायचा न्हाई."

वस्तीत रिवाजच तसा होता. ज्यानं पथ्य बांधलं त्यानंच ते सोडायचं. वैद्य यायचा, रोग्याला उगवतीकडं तोंड करून बसवायचा, मिठाचा खडा आणि भाकरीचा तुकडा आपल्या हातानं त्याच्या तोंडात घालायचा आणि नारळ घेऊन जायचा. मग रोगी बरा झाला असं सगळे म्हणायचे. त्याआधी तो उड्या मारत असला तरी रोगीच.

ताप उतरला. वैद्य काही आला नाही. त्याच्या जागी निरोप आला, की खळ्यावर पेंढ्या उचलताना बद्रीनाथला साप चावला आणि संध्याकाळच्या आत माणूस गेला.

आता आली का पंचाईत! पथ्य सोडायचं कुणी? जयवंताबाई म्हणाली, माझ्या हातून काही बरंवाईट झालं तर जन्माचा बोल माझ्यावर. सासरा कारभारी, तो बिरोबापुढं जाऊन बसला आणि तिथून उठेचना. रायभानच्या मिशा मोठ्या, छाती मोठी, पण मिठाचा खडा उचलायचा म्हटलं की तो मेंढरांकडं निघून जायचा. शेवटी एक दिवस गोपिकानंच गाडग्यातला खडा काढून जिभेवर ठेवला, आणि त्याच दिवशी तिला हुडहुडी भरली. पावसाळ्याचे दिवस, हिवतापानं अर्धी वस्ती कुडकुडत पडली होती, त्यातल्या कुणी काही पथ्य मोडलं नव्हतं. पण भ्यालेल्या माणसाला हे कोण सांगणार? मीठ खाल्लं आणि ताप आला, एवढंच घरानं धरलं. गोपिकानंही तेच धरलं.

तिथून पुढं तिच्यावर कुणाला पाळत ठेवावी लागली नाही. तीच स्वतःवर पहारा द्यायला लागली. वैद्यानं सांगितलं त्याच्यावर तिनं आपल्या मनाची भर घातली. पेज जास्त दाट झाली की वरचं पाणी तेवढं प्यायची. कुणी फोडणी दिली की नाकाला पदर लावून बाहेर जायची, वासानंसुद्धा बाधेल म्हणून. दंडातल्या वाक्या गळून कोपरावर आल्या, अंगावरचं दूध आटलं, आणि हळूहळू भूकही लागेनाशी झाली. पोटातलं मागणं बंद झालं तेव्हा तिला वाटलं, चला, जिंकलं.

त्यात शेजारची तुळजाबाई. तिनं एकदा आपलं रडकं नातवंड गोपिकाच्या मांडीवर टाकलं आणि ते गप झालं. रडून रडून दमलं होतं, गप होणारच होतं. पण तुळजाबाईनं वस्तीभर केलं, की ही अळणीबाई झालीय, हिच्यात देव आलाय, भूक जिंकलीय हिनं. मग काय, मंगळवारी बाया यायच्या, तिच्या पायावर कुंकू वाहायच्या, पाया पडायच्या. आणि खोटं कशाला बोला, गोपिकाला ते बरं वाटायचं. जिच्या खाण्यावर वस्ती हसली होती तिच्या न खाण्याला वस्ती नमस्कार करत होती. असा मान सोडवतो का कुणाला?

दिवाळी झाली की वस्तीची मेंढरं निघायची ती घनसावंगीच्या बाजूला, गोदाकाठच्या शेतांत खतासाठी बसवायला. मृगाच्या तोंडावर परत. ज्याला चालवत नाही तो मागं राहायचा. गोपिकाला चालवत नव्हतं. सोनूला वरचं दूध पाजायला लागायचं, ते मेंढरांपाशी मिळणार, म्हणून पोर आजीबरोबर गेली. पहिल्या साली परत आली तेव्हा जयवंताबाईला "आई" म्हणत होती. चालायचंच, लहान आहे, म्हणून गोपिकानं मनाची समजूत घातली.

दुसऱ्या साली मेंढरं परतली तो नेमका मंगळवार. गोपिका ओट्यावर बसलेली, बाया रांगेनं पाया पडत होत्या. सोनू घोड्यावरून उतरली, उन्हानं काळी झालेली, गालावर मांस आलेलं. आजीचं लुगडं धरून ती जरा वेळ बघत राहिली. मग पुढं आली, बायांच्या मागं उभी राहिली, आणि आपली पाळी आल्यावर वाकून गोपिकाच्या पायावर डोकं टेकून शहाण्यासारखी बाजूला झाली. आजीला म्हणाली, "पडले पाया. आता चल घरात."

बाया हसल्या. तुळजाबाई म्हणाली, पोरगी किती गुणाची. गोपिकाच्या पोटात मात्र असा खड्डा पडला की तिला वाटलं, भूकच लागली. पोटची पोर नवस फेडल्यासारखी पाया पडून गेली होती, आणि तिला हात धरून मांडीवर ओढायचीही आपल्या हातांत ताकद उरली नाही, हे तिला त्या ओट्यावर कळलं. ती उठली, पायावरचं कुंकू धुतलं आणि आत जाऊन म्हणाली, "आत्याबाई, येत्या दिवाळीला मी मेंढरांसंगं येणार. पोर माझ्यापाशी राहणार."

"कशानं येशील? मुगाच्या पाण्यानं?" जयवंताबाई म्हणाली.

"खाऊन येईन. पथ्य सोडायचंय मला."

"मंग वैद्याला काय सरणावरून उठवून आणू?" रायभान वैतागला.

"त्याची बायको हाय ना. तिच्याकडं न्या."

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. यायचं कसं? विधवेच्या हातानं शुभकार्य करायचं म्हणजे जयवंताबाईच्या कपाळावर आठ्यांचं जाळं. ती दिवसभर बडबडली. गोपिका मात्र घोड्यावर वाकळ टाकून तिथंच उभी राहिली. अखेर रायभाननं लगाम धरला.

टेंभुर्णीला बद्रीनाथची बायको द्वारकाबाई ओसरीवर तूर पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "दोन वर्सं? अगं बाई, ते पथ्य मह्यन्याचं! मह्यन्याच्या वर त्यांनी कधी कुणाला ठिवलं न्हाई. जादा ठिवलं तर रोगी पथ्यानंच मरतो म्हनायचे."

गोपिकाला रडू यायला हवं होतं, पण तिला संताप आला. वैद्यावर नाही, रायभानवरही नाही. दोन वर्षं आपण जे सांभाळलं, जे दाखवून मान घेतला, ते काहीच नव्हतं याचा संताप. "मंग सोडा काकी," ती म्हणाली, "आत्ता सोडा."

द्वारकाबाई मिठाचा खडा घेऊन आली खरी, पण हात मागंच ठेवून उभी राहिली. "माझा हात चालंल का तुला? माझ्या हातचं कुंकू बी घेत न्हाई कुणी."

गोपिकानं उगवतीकडं तोंड केलं आणि आ वासला.

मीठ जिभेला निखाऱ्यासारखं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, पण तिनं तोंड मिटून धरलं. द्वारकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगत होती, "सावकाश बरं का. एकदम भाकरीवर तुटून पडायचं न्हाई. आधी पेजेत मीठ घाल, मंग ताक घे, तब्येत बघून पुढं जा."

"पण काकी, भूकच लागत न्हाई."

"रुसलीय ती. तू रोज वेळेवर खाऊन घे, ती येते का न्हाई बघ."

सांगायला सोपं, करायला महाकठीण. पहिल्यांदा ताक प्याली तेव्हा पोट नगाऱ्यासारखं फुगलं. भाकरीचा कुस्करा उलटून पडला. प्रत्येक घासागणिक गोपिका डाव्या हातानं कपाळ चाचपून बघायची, ताप आला का म्हणून. कधी घास तोंडात धरून बसायची, गिळायचा धीरच व्हायचा नाही. मग सोनू अंगणात आजीमागं "आई, आई" करत पळायची ते ऐकायची आणि गिळायची. कुणी तिला भरवलं नाही, कुणी समजावलं नाही. ती मेंढरं रानात निघाली की खायची, परत आली की खायची, आणि दुपारी सावली ओट्याखाली गेली की पुन्हा खायची, मन होवो न होवो.

श्रावणात तर तिनं कहर केला. सोमवारी सगळी वस्ती उपाशी, आणि ही ओट्यावर बसून ताकभाकर कुस्करून खातेय! तुळजाबाईला ते बघवेना. "एवढं देवपन आल्तं हातात, आन् भाकरीपायी घालवून बसलीस."

"देवपन तू घे तुळजे," गोपिका म्हणाली, "आन् घरात जवसाची चटणी असंल तर तेवढी मला दे."

भादव्यात पुन्हा ताप आला. घरातले सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आणि न सांगता चुलीवर अळणी पेज चढली. गोपिका ती प्याली. घशाखाली ती इतकी ओळखीची, इतकी सोपी उतरली की तिला भीती वाटली. यातच राहावं, असं पुन्हा वाटायला लागलं होतं. ताप गेला त्या सकाळी तिनं वाटी सासूपुढं सरकवली. "ह्यात मीठ घाला आत्याबाई. ताप समद्यांना येतो." जयवंताबाईनं मीठ घातलं, आणि वर तुपाची धार सोडली.

दिवाळी आली. जयवंताबाईनं अट घातली, "जालन्याच्या पुढचे दोन मुक्काम तू चालतेस का बघू. न्हाई जमलं तर रायभान तुला घोड्यावर घालून माघारी सोडील, पोर माझ्यासंगं येईल. बराबर?" गोपिका म्हणाली, बराबर.

जालना ओलांडेपर्यंत ती चालली. पाय सुजले, पण चालली. पुढच्या मुक्कामाला दूध प्याली आणि पोटात गुडगुडलं. झालं, जुनी भीती उठली. सकाळी सगळे न्याहारीला बसले तेव्हा ती भांडी आवरत राहिली, तिच्या वाटची भाकर फडक्यातच राहिली. ऊन चढलं तशा डोळ्यांपुढं अंधाऱ्या यायला लागल्या, आणि एका चढावर ती खाली बसलीच.

मेंढरं थांबली. रायभाननं घोडं वळवलं, तोंड टेंभुर्णीकडं केलं. जयवंताबाई सोनूचा हात धरून उभी होती. ती कठोरपणानं बोलली नाही, उलट मऊपणानंच म्हणाली, "लई झालं पोरी. आलीस एवढं बी खूप झालं. बस घोड्यावर."

गोपिकानं नकाराची मान हलवली. लाज तर इतकी वाटत होती की जमीन फाटावी, पण ती बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मला काय झालेलं न्हाई. मी सकाळी भ्याले, खाल्लं न्हाई, म्हनून पाय गळाले. आता भूक लागलीय. जेवते आन् चालते. तवर थांबा समदे."

भर उन्हात, चढावर बाप्यांच्या आधी जेवायचं, आणि एका सुनेसाठी अख्खा कळप थांबवायचा! रायभान लगाम धरून आईकडं बघायला लागला. गोपिकानं रस्त्यातच मांडी घातली, फडकं सोडलं, भाकरीवर चटणी घेतली आणि खायला लागली. कुणाकडं बघत नव्हती. घाम येत होता, तोंडाला चटणी लागली होती, आणि ती खात होती.

आजीचा हात सोडवून सोनू जवळ आली. जरा वेळ उकिडवी बसून बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला आणि गोपिकाच्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. पुन्हा हात पुढं केला, तशी गोपिकानं भाकर अलीकडं ओढली.

"ही मला पुरायची न्हाई," ती म्हणाली. "तुला येगळी देते."

जयवंताबाईनं घोड्यावरचं गाठोडं खाली काढलं, त्यातल्या दोन भाकऱ्या दोघींच्या मधे ठेवल्या आणि रायभानला म्हणाली, "बघतोस काय? मेंढरं सावलीला घे." दोघी पोटभर जेवल्या. मग गोपिका उठली, सोनूला उचलून घोड्यावर बसवलं, त्याचं तोंड गोदाकाठाकडं वळवलं, आणि लगाम हातात धरून चढाला लागली.