डावरीच्या दोन खोल्या

तिला सगळे डावरी म्हणत. सुई, कात्री, झाडू, जे हातात येई ते डाव्याच हातात येई. लहानपणी आईने त्या हातावर पुष्कळ चापट्या मारल्या, पण हात काही बदलला नाही. तिचं लग्न झालं ते एका गवंड्याशी. माणूस बोलायला तिखट, पण भिंतीच्या बाबतीत खरा. ओळंब्याची दोरी सोडली आणि त्याची भिंत खोटी निघाली, असं कधी झालं नाही.

त्यांनी स्वतःचं घर बांधायला काढलं, तेव्हा तो दिवसभर लोकांच्या कामावर असे आणि घराचं काम तसंच पडून राही. एके संध्याकाळी तो परतला, तर मागच्या खोलीची भिंत गुडघ्याएवढी वर आलेली. त्याने ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, आणि दोन विटांमधल्या दरजेवरून सावकाश अंगठा फिरवला.

"कुणाचा हात लागला हिला?"

"चोर आले होते," डावरी म्हणाली. "न्यायला काही मिळालं नाही, तेव्हा बांधून गेले."

तो इतका हसला की शेजारची सून खिडकीत येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने विटांवर माल पसरायची आपली जुनी थापी बायकोला देऊन टाकली.

मागच्या दोन्ही खोल्या अशा तिच्या हातून उभ्या राहिल्या. विटांमधला माल उजव्या हाताचा गवंडी ज्या अंगाने कापतो, त्याच्या उलट अंगाने ती कापी. दरजांमध्ये थापीचे तिरके वळ राहत, सगळे एकाच बाजूला कललेले, वाऱ्याने वाकलेल्या गवतासारखे. जाणत्या माणसाने लांबून ओळखावेत असे.

गिलाव्याची वेळ आली तेव्हा धाकटा दीर म्हणाला, "दादा, वहिनीची भिंत लवकर झाकून टाक. लोक म्हणतील, याच्यापेक्षा बायकोलाच कामाला बोलवा."

गवंड्याने भिंत झाकली. पण कशी झाकली! वाळू दोनदा चाळली, सिमेंट घालताना हात आखडता घेतला नाही, आणि सुकेपर्यंत रोज आठवणीने पाणी मारलं. "तुझ्या भिंतीला माझा अंगरखा," तो म्हणाला. ती लाजली. ते दिवसच तसे होते.

पुढे गवंड्याचा ठेकेदार झाला. हाताखाली माणसं आली, पायात चकचकीत बूट आले, आणि त्या बुटांना घराची वाट लांब वाटू लागली. त्याने दुसरीकडे संसार मांडला आहे, हे डावरीला सगळ्यांत शेवटी कळलं. भांडण झालं, मग अबोला, मग घटस्फोटाचा अर्ज. सुटका तिलाही हवी होती. पण माहेर उरलं नव्हतं, आणि पोरबाळ नव्हतं. "पुढचं घर त्याला लखलाभ," ती म्हणाली. "मागच्या दोन खोल्या मला द्या. त्या मी बांधल्यात."

तिची वकीलबाई चांगली होती, पण तिलाही कागदच लागत. "जमीन सासऱ्यांची. विटा-सिमेंटच्या पावत्या नवऱ्याच्या नावावर. तुमच्याकडे काय आहे?"

"भिंत आहे."

"भिंतीची पावती?"

"नवऱ्यासाठी भाकरी भाजल्याची पावती कोण ठेवतं, बाई?"

वकीलबाई हसली नाही. "मग साक्षीदार आणा."

दीर भावाविरुद्ध उभा राहणार नव्हता. शेजारची सून आधी हो म्हणाली. पण तिचा नवरा ठेकेदाराच्याच कामावर होता. दोन दिवसांनी ती अर्ध्या दारातून म्हणाली, "ताई, मला नीटसं काही आठवत नाही गं."

कोर्टात ठेकेदाराने सांगितलं, "घर मी बांधलं. ती विटा हाताशी द्यायची, तेवढं खरं." बोलताना तो तिच्याकडे पाहत नव्हता.

न्यायाधीशांनी जागा बघायला एक माणूस नेमला, आणि निकाल लागेपर्यंत घर आहे तसंच ठेवा, असा हुकूम दिला. बाहेर आल्यावर वकीलबाईने बजावलं, "कशाला हात लावू नका. खिळासुद्धा ठोकायचा नाही."

डावरीने मान डोलावली. खिळा ती ठोकणारच नव्हती. तिच्या लेखी घर म्हणजे वीट आणि दरज. गिलावा म्हणजे अंगावरचा कपडा. तो उतरवला म्हणून माणूस काही बदलत नाही. जन्मभर गवंड्यांच्यात राहिलेल्या बाईला यात कुणाला विचारण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नाही.

कोर्टाचा माणूस यायचा होता, त्याच्या आदल्या सकाळी आतले थापीचे वळ उघडे करायला तिने भिंत भिजवली आणि छिन्नी घेतली. आधी हलक्या हाताने ठोकलं. गिलावा हलला नाही. जोर लावला, तेव्हा सुटला, पण विटेचं तोंड घेऊनच सुटला. दरजा भुगा होऊन खाली आल्या. तिच्या थापीचे वळ गिलाव्याला चिकटून बाहेर निघाले आणि पायाशी फुटले. ती सरकून दुसरीकडे ठोकू लागली, तिथेही तेच. इतका पक्का गिलावा त्या बाबाने केला होता, एके काळी, मायेने. दुपारी ती थांबली, तेव्हा भिंतीभर नुसते खड्डे होते आणि छिन्नीचे घाव. घाव डाव्या हाताचे काय, उजव्या हाताचे काय, सारखेच दिसतात.

कोर्टाच्या माणसाबरोबर ठेकेदारही आला. खोलीच्या दारातच थबकला.

"काय करून बसलीस हे?"

"माझी भिंत दाखवत होते."

तो पुढे झाला. एका फुटक्या दरजेवरून त्याने अंगठा फिरवला, सावकाश, पूर्वी फिरवायचा तसा. क्षणभर ठेकेदार कुठेतरी गेला आणि गवंडी उभा राहिला.

"यावरून ओळखू येतं का, कुणी बांधली ते?" कोर्टाच्या माणसाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही ओळखू येत."

आणि ते खरं होतं.

हुकूम मोडून वादातल्या घराची नासधूस केली, बांधकामाचा पुरावा काही नाही, म्हणून तिची मागणी फेटाळली गेली. जेमतेम पोटगी मिळाली, आणि खोल्या रिकाम्या करून द्यायला सांगितलं. "वरच्या कोर्टात जाऊ," वकीलबाई म्हणाली.

"तिथे काय दाखवू?" डावरीने विचारलं. वकीलबाईने फाईल बांधली.

तिने दूरच्या वस्तीत भाड्याने एक खोली घेतली. जवळच एक मोठी इमारत उठत होती. काम मागायला गेली, तेव्हा मुकादमाने तिचे हात पाहिले. "थापी धरता येते का, मावशी? गवंडी कमी पडतायत. बाई असली तरी मला चालेल."

डावरीने वर पाहिलं. दोरी ताणलेली होती, विटांचा थर मध्येच थांबला होता, आणि कालवलेला माल सुकत चालला होता.

"नाही," ती म्हणाली. "डोक्यावरून वाहून नेईन, काय असेल ते."

"मग त्या पाट्या वाहणाऱ्या बायकांच्या मागे उभी राहा."

ती जाऊन उभी राहिली.