खिडक्या लावून भाजलेली मांदेली

सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये आई सुकी मांदेली तव्यावर टाकायची, ती सगळ्या खिडक्या लावूनच. समुद्राची ही बोटाएवढी मासोळी, पण वास पार जिन्यात जायचा.

“वरच्या काकूले त्रास होईल,” आई म्हणायची. त्या काकू आंध्रच्या, रोज पूजा करणाऱ्या. धुरानं माझे डोळे चुरचुरायचे. मी जाम चिडायचो.

वरचे काका प्लांटमधून रिटायर झाले. क्वार्टर सोडताना काकूंनी संकोचत एक डबा आणला. “आप लोग खाते हो क्या?”

आत सुकी मांदेली! आम्हाला वास येऊ नये म्हणून त्याही इतकी वर्षं खिडक्या लावूनच भाजत होत्या.

आता वर कुलूप आहे. आई खिडकी सताड उघडी टाकून भाजते. म्हणते, “आता कोणासाठी लावू?”