संदर्भ: एक गवंडी

धुळ्याकडच्या त्या किल्ल्याचं नाव मी देत नाही. त्यात किल्ल्याचा काही दोष नाही. जळगावला दुसऱ्या वर्षाला इतिहासाचा प्रकल्प होता. सरांनी मथळा आधीच देऊन ठेवला होता, ‘जतनाचा आदर्श नमुना’. एकटीने जायचा धीर नव्हता, म्हणून आबांना, म्हणजे वडिलांना, गावाहून बोलावून घेतलं. आबा गवंडी आहेत.

दुरुस्त केलेला तट लांबूनच चकाकत होता. जुन्या दगडांवर सरसकट सिमेंटचा गिलावा, आणि तो ओला असताना थापीच्या टोकाने रेघा मारून काढलेले चौकोनी दगड. खऱ्या दगडांवर खोट्या दगडांचं चित्र. बुरुजाला बिस्किटाचा रंग. पुढे सेल्फीसाठी एक लोखंडी बदाम.

आबांनी भिंतीवर टकटक केलं. पहारेकरी लगेच म्हणाला, “हात लावू नका, पुरातन आहे.”

“भाऊ, हाई भीत तुमनापेक्षा धाकली शे,” आबा म्हणाले.

तोही हसला. “माले जे सांगेल शे तेच मी बोलस, आबा.”

मग आबांनी खिशातलं सूत काढलं. दोन्ही टोकं भिंतीपासून वीतभर लांब धरून आम्ही ते ताणलं. मधोमध भिंतच सुताला येऊन टेकली. मी दुसऱ्या हाताने मोबाइलवर फोटो काढला. एवढं पोट सुटलेलं, आणि वर ‘जतन’ अशी पाटी.

“पानी जावानी वाटच लिपी टाकी,” आबा म्हणाले. “आते पानी कथाईन जाई?” गिलाव्याने दगडांमधल्या फटी बुजल्या होत्या, आणि आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसल्याने भिंतीलाच ढकलत होतं.

मी हे सगळं प्रकल्पात लिहिलं. सुताच्या फोटोखाली टाकलं, ‘माहिती: माझे वडील, गवंडी.’

सर म्हणाले, “निरीक्षण चांगलं आहे. पण हे काय? गवंडी हा संदर्भ नसतो. काढ ते. एखादं पुस्तक टाक.”

सरांनी तो किल्ला पाहिला होता का, हे मला विचारता आलं असतं. मी “हो सर” म्हणाले. त्या जागी ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकाचं नाव लिहिलं. ते मी उघडलंही नव्हतं.

गुण चांगले मिळाले. आबांनी फोनवर विचारलं, पाण्याचं आवडलं का त्यांना? मी हो म्हटलं. त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, पोरीने माझं म्हणणं कॉलेजात लिहिलं.

आबांना वाचता येतं. म्हणून ती फाइल मी अजून घरी नेलेली नाही.