मेनोनाइटांचे व्याही

पेनसिल्व्हेनियातल्या समस्त मराठी माणसांमध्ये आमिश कोण आणि मेनोनाइट कोण हे लांबून, चालत्या गाडीतून, धुक्यातसुद्धा ओळखू शकणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. (आमिश आणि मेनोनाइट हे साधेपणाने राहणारे, एकाच मुळाचे दोन ख्रिस्ती पंथ; त्यांतले आमिश जास्त कडक, मोटार आणि विजेपासून लांब.) आपल्यासारख्या सामान्य माणसाला घोडागाडी दिसली, काळी टोपी दिसली, की तो खुशाल ‘आमिश, आमिश’ म्हणून फोटो काढायला लागतो. असं कोणी केलं की काकांच्या कपाळावरची शीर उडायची. “अरे, गाडीचा रंग बघ ना यार! करडी असेल तर आमिश, काळी असेल तर जुन्या वळणाचे मेनोनाइट. दाढी बघ. लग्न झालेला आमिश दाढी राखणार, मिशी नाही. तो मेनोनाइट गुळगुळीत. आणि बाकीचे नव्वद टक्के मेनोनाइट तुझ्यामाझ्यासारखे जीन्स घालून होंडा ड्राइव्ह करतात, ते तर तुला दिसतच नाहीत!” हा नव्वदचा आकडा त्यांनी कुठून काढला होता देव जाणे, पण तो सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा, की समोरचा मुकाट्याने फोन खिशात घालायचा.

आम्ही हॅरिसबर्गच्या बाजूला राहतो, तिथून या लोकांच्या वस्तीचं लँकेस्टर तासाभरावर. भारतातून कोणाचेही आईवडील आले, की त्यांच्या नायगारा आणि न्यूयॉर्कच्या मध्ये एक शनिवार काका हक्काने मागून घ्यायचे. माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या, तेव्हा विमानाचा शीण उतरायच्या आतच त्यांना काकांनी गाडीत बसवलं. रस्त्याच्या कडेने लांब झग्यातली एक बाई सायकलवरून चालली होती. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “अगं बाई, ही बघा आमिश!” काकांनी तिथल्या तिथे गाडी बाजूला घेतली. “वहिनी, तिच्या झग्यावरची फुलं बघा, फुलं! आमिश बाई फुलाफुलांचं कापड अंगाला लावेल का? आणि सायकल? इथल्या आमिशांना सायकल चालत नाही, ते पायाने ढकलायची स्कूटर वापरतात. ही मेनोनाइट!” सासूबाई म्हणाल्या, “मला काय माहीत हो, मी परवाच आले.” पण काकांचं शिकवणं वाया जात नसे. नागपूरला परत गेल्यावर सासूबाईंनी भिशीतल्या सगळ्या बायकांना हा फरक समजावून सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. त्यांतल्या एकीनेही आयुष्यात यांपैकी कोणाला बघितलेलं नव्हतं.

माणसांची खरी जात ती काम कसं करतात यावरून नाही, रिकामा वेळ कसा घालवतात यावरून कळते, असं काकांचं एक मत होतं, आणि त्यावर ते तासभर सहज बोलायचे. आमिश पोरी लांब झग्यांत व्हॉलीबॉल अशा काही खेळतात, की आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या टीमची त्यांच्यासमोर उभं राहायची टाप नाही. त्यांच्या घरात विजेची तार येत नाही, पण अंगणात ट्रॅम्पोलिन असतं. त्यांचे म्हातारे थंडीत बस करून फ्लोरिडाला जातात आणि तिथे तीनचाकी सायकली फिरवतात. (“तिथे चालतात?” असं मी विचारलं होतं. “सुट्टीवर आहेत ना ते!” असं उत्तर मिळालं.) गाण्याच्या बाबतीत मात्र काकांचा कल उघड होता. आमिश लोक प्रार्थनेला कोणाच्या तरी घरी जमतात, तिथे सगळे एकाच सुरात गातात, आणि एकेक गाणं इतकं संथ की मध्ये चहा होऊन जावा. मेनोनाइटांचं तसं नाही. त्यांचं चर्च वेगळं बांधलेलं, आणि बाया-पुरुष चार वेगवेगळ्या पट्ट्यांत वाद्यांशिवाय गातात. ते ऐकायला काका एखाद्या रविवारी सकाळी चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी लावून, काचा खाली करून बसायचे. मी एकदा सोबत होते. म्हटलं, “आत जाऊ या ना, कोणी हाकलणार नाही.” काका समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, “कशाला? लांबूनच बरं ऐकू येतं.”

या सगळ्या अभ्यासाचा परिणाम त्यांच्या घरावर झाला नसता तरच नवल. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. आमिश लोक फोन घरात न ठेवता वाटेवरच्या खोपटात ठेवतात, म्हणून काकांनी आपला फोन गॅरेजमध्ये ठेवला, आणि दर थोड्या वेळाने ‘कोणी केला होता का’ बघायला स्वतःच गॅरेजमध्ये जायला लागले. रविवारी टीव्हीवर चादर घालायचे. भारताची मॅच असली की चादर निघायची. मी चिडवलं, तर म्हणाले, “आमिश पोरं सॉफ्टबॉल खेळतात. क्रिकेट त्यातच येतं.” आपल्याला सोयीचे तेवढे नियम उचलायचे आणि त्यांना धर्माचं बळ द्यायचं, यात ते कोणत्याही धर्माच्या माणसाला हार गेले नसते.

आता हे वेड आलं कुठून, ते सांगायला हवं. काकांना एकच मुलगी, शलाका. इथेच जन्मलेली, शाळेत शिक्षिका. काकू गेल्या तेव्हा ती कॉलेजात होती, आणि त्यानंतर ही दोघं एकमेकांच्या आधारानेच उभी राहिली. मग तिने तिच्याच शाळेतल्या गणिताच्या मास्तराशी लग्न ठरवलं. तो मेनोनाइट घरातला. तोवर काका ठीक होते. पण तिने त्यांचा पंथही घ्यायचं ठरवलं, पाण्याने दीक्षा घेतली, आणि काकांचा तोल गेला. “या घरात यापुढे तुझं पान मांडलं जाणार नाही,” असं ते बोलून बसले. लग्नाला गेले नाहीत. त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कोणीतरी खवचटपणे विचारलं, “काय, जावई घोडागाडीतून येणार का?” काकांनी हातातली ताटली खाली ठेवली आणि आमिश आणि मेनोनाइट यांतला फरक त्या माणसाला समजावून सांगायला सुरुवात केली. ते समजावणं पुढे नऊ-दहा वर्षं चालूच होतं. जावयाच्या माणसांबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. जावयाचं घर मात्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्या सगळ्या तालुक्यात ते आम्हाला फिरवायचे, पण एक रस्ता यायचा तिथे फोनमधली बाई ‘डावीकडे वळा’ म्हणून कानीकपाळी ओरडत असली, तरी ते सरळ पुढे जायचे आणि लांबचा वळसा घालायचे. त्या रस्त्यावर शलाका राहत होती, हे मला माझ्या नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं.

काकांच्या डोळ्यांनी पुढे दगा दिला, डॉक्टरने ड्रायव्हिंग बंद केलं, आणि शनिवारची गाडी मी चालवायला लागले. एकदा ते नेहमीप्रमाणे आमिशांच्या वाळीत टाकण्याबद्दल बोलत होते. दीक्षा घेतलेला माणूस पंथ सोडून गेला, तर घरचे त्याच्या पंगतीला बसत नाहीत, त्याच्या हातून काही घेत नाहीत. तो घरी आला तर त्याला जेवायला वेगळं टेबल मांडतात. “मेनोनाइटांनी हे केव्हाच सोडून दिलं बहुतेक ठिकाणी. आणि हे बघ! पोटच्या पोराला वेगळं टेबल! ही काय माणुसकी झाली?” मी आठवडाभराच्या ऑफिसने वैतागलेली, समोर एका करड्या बग्गीमागे आमची गाडी रांगत होती, आणि माझं तोंड मुळात आगाऊ. मी म्हटलं, “काका, ते वेगळं का होईना, टेबल मांडतात तरी. तुम्ही काय मांडता?”

घर आल्यावर काकांनी गाडीचं दार धाडकन लावलं. ‘येतो’सुद्धा म्हणाले नाहीत. मला वाटलं, संपलं आपलं. पण पुढच्या शनिवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे होते. “फोन केला होता मी तिला. जेवायला बोलावलंय. तू चल, मला एकट्याने जमायचं नाही,” म्हणाले.

वाटेत त्यांनी माफी मागायची तालीम केली. आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग परत मराठीत, कारण इंग्रजीत ती फारच ऑफिसातल्यासारखी वाटत होती. तो चुकवलेला रस्ता आला. मी वळले. घर साधंच होतं, दारात दोन गाड्या, आत टीव्ही, शलाकाची सासू त्या वयाच्या कुठल्याही अमेरिकन बाईसारखी स्वेटर-पॅन्टमध्ये. शलाकाने दार उघडलं. “या बाबा. शूज राहू देत.” काकांनी तिथेच पायपुसण्यावर उभं राहून सुरुवात केली, “शलाका, मी त्या वेळी जे बोललो...” तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, “It’s okay, Baba. I forgave you years ago. Really.” हसू अगदी खरं होतं. त्यात कुठे काटा नव्हता. सगळं फार छान झालं. टेबलाभोवती सगळ्यांनी हात धरून जेवणाआधीचं गाणं म्हटलं, चार पट्ट्यांत, आणि काकांना ते पहिल्यांदाच जवळून ऐकायला मिळालं. छोट्या नातवाने हात पुढे करून “Nice to meet you” म्हटलं. आणि शलाकाने वाढता वाढता विचारलं, “बाबा, तुम्ही अजून व्हेजच आहात का?” काका “हो” म्हणाले. मी भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

परतताना मी उगाच बडबड करत होते, किती बरं झालं वगैरे. काका मध्येच म्हणाले, “तिने मला केव्हाच माफ करून टाकलं गं.” मी म्हटलं, “मग? तेच तर हवं होतं ना?” “हो, पण आमिश वाळीत टाकतात ना, तेव्हा तो माणूस परत यावा म्हणून टाकतात. कितीही वर्षांनी येऊन गुडघ्यावर बसला, चुकलो म्हणाला, की त्याच दिवशी पंगतीत. म्हणजे तोवर ते वाट बघत असतात. माझी पोरगी मेनोनाइट झाली. तिने माफ केलं आणि पुढे गेली. मी इतकी वर्षं समजत होतो, की ती तिकडे माझ्यावर रागावून बसली आहे. तिथे कोणी बसलेलंच नव्हतं.” एवढं बोलून त्यांनी काच खाली केली, बाहेर कडाक्याची थंडी होती तरी. मी हीटर वाढवला. फार वाईट वाटलं मला त्यांचं.

नंतर दर पंधरवड्याला त्यांचं जाणं सुरू झालं. लेक त्यांच्यासाठी व्हेज काहीतरी वेगळं करायची, नातू दारात हात मिळवायचा, चारच्या सुमाराला “Thanks for coming, Baba” व्हायचं. पाहुण्याला कसं वागवावं याचा तो आदर्श होता, आणि काका दरवेळी त्या आदर्शातून आणखी थोडे लहान होऊन परत यायचे. पाहुण्यांच्या सहली त्यांनी बंद केल्या. मंडळात एकदा कोणीतरी त्यांच्यासमोर चक्क जीन्समधल्या माणसाला आमिश म्हणालं, आणि ते नुसते “असेल” म्हणाले.

मग फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मला ऑफिसात त्यांचा फोन आला. कुजबुजत होते. “ऐक, मी तिच्या बाथरूममधून बोलतोय.” शलाकाला ताप असल्याचं त्यांना कळलं होतं. मी आणि नवरा दोघंही कामावर, म्हणून काकांनी मऊ भात आणि मेतकूट डब्यात भरलं, गॅरेजमधली गाडी काढली, आणि त्या तसल्या डोळ्यांनी, अंधार पडत असताना, बर्फाच्या कडेकडेने, बग्ग्या जात असतात त्या रस्त्याने, एकटे ड्राइव्ह करत गेले. माझा जीव उडाला. मी रागावणार तेवढ्यात ते म्हणाले, “ओरडली! अगं, इतकी ओरडली माझ्यावर! सगळं मराठीत! ‘अक्कल गहाण ठेवलीत का बाबा? डोळ्यांनी दिसत नाही आणि गाडी कसली चालवता? एखाद्या बग्गीवर घातली असती म्हणजे? किल्ली द्या इकडे, आणि आज इथेच झोपायचं, कळलं?’ हुबेहूब तिची आई! जावई स्वयंपाकघरात जाऊन लपला. त्याने असलं काही जन्मात ऐकलेलं नाही.” आणि फोनवर ते हसायला लागले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टॉवेल तोंडावर धरून. पुढचे काही आठवडे आमिश आणि मेनोनाइट दोघांनाही रजा होती. जो भेटेल त्याला काका लेक कशी ओरडली तेवढंच सांगायचे.

एप्रिलमध्ये ते झोपेतच गेले. अंत्यविधीला मंडळाच्या गुरुजींचं झाल्यावर शलाकाच्या सासरची माणसं हॉलच्या एका बाजूला उभी राहून गायला लागली. शलाका माझ्याशेजारी येऊन बसली. डोळे कोरडे, चेहरा शांत, आलेल्या प्रत्येकाला तीच धीर देत होती. गाणं चालू असताना ती हळूच म्हणाली, “एक सांगू? I was awful to him. फेब्रुवारीत ते घरी आले ना, मी त्यांच्यावर भयंकर ओरडले. We don’t do that. मी कोणाशी असं वागत नाही. दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणणार होते, ते राहूनच गेलं.”

मी तिला बाथरूमचं सांगितलं, टॉवेलचं सांगितलं, ते कोणाकोणाला सांगत सुटले होते तेही सांगितलं. मग तिने विचारलं, “हसत होते?”

“हो. हसत होते.”

तेव्हा ती रडली. हॉलभर ऐकू जाईल असं, वाकून, माझा पदर मुठीत धरून रडली. तिचा नवरा उठायला लागला, त्याच्या आईने त्याला हाताने थांबवलं. गाणं कोणी मध्येच सोडलं नाही. फक्त सगळ्यांनी मिळून आवाज थोडा खाली घेतला.