नाण्याच्या दारावरचा पोचा

मधूभाऊजी गेले त्या सकाळी निखिलला फोन कुणी करायचा, यावरच आमची दहा मिनिटं गेली. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, मी परत ह्यांच्या. सख्ख्या मुलाला बाप गेल्याचं सांगायला धीर गोळा करावा लागतो, म्हणजे बघा घराची काय तऱ्हा! शेवटी मीच केला. पलीकडून, "काकू, मी येतो," एवढंच.

मधूभाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. आम्ही मूळचे चिपळूणकडचे. दोघे भाऊ विम्याच्या नोकरीत बदलीवर जयपूरला आले आणि जवाहर नगरच्या या घरात, खाली आम्ही नि वर ते, कायमचे राहून गेले. भाऊजी भयंकर तापट. निखिल चौदा वर्षांचा असताना क्लास बुडवून व्हिडिओ गेमच्या दुकानात सापडला, तर त्याला चारचौघांत थोबाडीत मारून, कानाला धरून घरी आणलं. त्यानंतर बापलेकांचं धड बोलणं असं झालंच नाही. मुलगा शिकला, कॅनडाला गेला. दिवाळीला फोन करायचा, तोही माझ्या फोनवर. जाऊबाई गेल्या आणि मधलं माणूसही उरलं नाही.

निवृत्तीनंतर एक दिवस भाऊजींनी टेम्पोतून कपाटाएवढं धूड आणलं आणि चार माणसं लावून वरच्या खोलीत चढवलं. त्याच दुकानातलं गेमचं मशीन, भंगारवाल्याकडे गंजत पडलेलं! "भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी विचारलं. तर म्हणाले, "वहिनी, आमसुलं आहेत का?"

झालं! माहेराहून आलेली माझी आमसुलं त्या मशीनच्या पोटात जायला लागली. एकेक स्क्रू, बिजागरी, पट्टी सोडवायची, आमसुलाच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायची. कुठला स्क्रू कुठला हे विसरू नये म्हणून माझं इडलीपात्र पळवलं. प्रत्येक खळग्यात एकेका भागाचे स्क्रू. आमच्याकडे इडली बंद झाली ती तेव्हापासून. गंज निघाला की माल परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या जयपुरातल्या पॉलिशवाल्या उस्तादाकडे. आधी तांब्याचा थर, त्यावर निकल. परत आलेला तुकडा भाऊजी खिडकीत धरून उलटसुलट बघायचे. एवढ्या सबुरीने हा माणूस कधी कुणाशी वागला असता तर… असं माझ्या मनात येई, खोटं कशाला बोलू.

सगळं चकाचक झालं, पण खालचं नाणं टाकायचं दार काही त्यांनी पॉलिशला दिलं नाही. त्यावर पुरीएवढा पोचा होता. उस्ताद म्हणाला, "भाईसाहब, ये गड्ढा निकाल दूँ, पाँच मिनट का काम है." भाऊजी ओरडलेच, "हाथ मत लगाना!" ते दार त्यांनी स्वतः घासलं आणि तसंच करडं, पोच्यासकट बसवलं. मी म्हटलं, हे म्हणजे नवरीला शालू आणि पायात फाटकी चप्पल! ते नुसते हसले.

गेल्या थंडीत ते दोन आठवडे हॉस्पिटलात होते. घरी येतील तेव्हा चकित करावं म्हणून मी ते दार काढून उस्तादाकडे नेलं. तो बिचारा कचरत होता, "भाईसाहबने मना किया था." मी म्हटलं, "मैं बोल रही हूँ ना!" पोचा ठोकून, निकल चढवून दार आरशासारखं परत आलं. भाऊजी घरी आले, कठडा धरून वर गेले, मशीनपुढे बसले. दारावरून दोनदा तळवा फिरवला. "छान झालंय, वहिनी," म्हणाले. एवढी धावपळ केली आणि कौतुक काय, तर तीन शब्द! मला रागच आला होता. त्यानंतर दोनच महिन्यांत ते गेले.

निखिल आला. तिसऱ्या दिवशी त्याला वर नेलं, मशीन चालू करून दिलं, आमसुलांची सगळी कथा सांगितली. त्याचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. खाली वाकून तो दार चाचपत होता.

"काकू, इथे पोचा होता ना? मतलब… बाबांनी मारलं, तेव्हा मी याला लाथ मारली होती. बाबांना तर मारू शकत नव्हतो."

मी मटकन खाली बसले. "मीच घालवला रे तो. त्यांनी इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता… मीच घालवला!" मला रडू आवरेना.

खिळ्याला लटकलेली किल्ली घेऊन त्याने दार उघडलं. आतली बाजू कुणी चकचकीत करत नाही, तिथे हातोडीचे घाव दिसत होते. त्यांच्याभोवती काळ्या पेनाने गोल काढलेला. आजारी हाताचा, वाकडातिकडा. खाली दोन शब्द. निखिलने ते सावकाश, अक्षर लावून वाचले.

"निखिलचा पाय."

मग खिडकीतल्या इडलीपात्राकडे त्याची नजर गेली. शेवटच्या खळग्यात दोन स्क्रू राहिले होते, गंजलेलेच. त्याने ते उचलून तळव्यावर घेतले.

"काकू," तो म्हणाला, "आमसुलं आहेत का?"